आपला ड्रोन

खिरापत ओळखण्याच्या खेळात पोलिसांनी भाग घेतलेला मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, आणि डबा माझा होता. आता हे ऐकून लोक हसतात. मीही हसते, पण माझं हसणं दाताखाली खडा आल्यासारखं असतं. ज्यांना सगळं माहीत आहे ते हसत नाहीत, कारण त्यातले बरेचजण तेव्हा तिथेच उभे होते.

मी ड्रेस्डेनमध्ये चिपच्या कारखान्यात काम करते. क्लीनरूममध्ये. तिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, तोंडावर मास्क, हातात दोन-दोन हातमोजे. माणूस ओळखायचा तो डोळ्यांवरून. माझ्या शिफ्टला एक पोलिश बाई आहे, माझ्याच वयाची. तिचे डोळे मी इतकी वर्षं पाहतेय की ती आत रडून आली की जेवून, हे मला मास्कवरूनसुद्धा कळतं. मी तिला थालीपीठ देते, ती मला बटाट्याचं सारण भरलेले तिच्याकडचे मोदक देते. मोदक हा माझा शब्द. तिला तो आवडतो.

तिची आई पोलंडच्या अगदी पूर्वेला, एका खेड्यात एकटी राहते. युक्रेनवर सोडलेले ड्रोन हद्द ओलांडून पोलंडमध्ये शिरले, त्या सकाळी ती कपडे बदलायच्या खोलीत पोशाखाची चेन हातात धरून नुसती उभी होती. चेन काही वर जाईना. आईचा फोन आला होता म्हणे. मोपेड जावी तसा आवाज आभाळातून गेला, आणि मग लांब शेतात काहीतरी पडलं. म्हातारी टेबलाखाली जाऊन बसली होती आणि तिथूनच मुलीला विचारत होती, बाहेर येऊ का?

मी तिची चेन लावून दिली. "ते म्हणतात, भरकटले," ती म्हणाली. "भरकटतात म्हणे. एवढे सगळे? एकदम?"

"मेले खोटारडे," मी मराठीत म्हणाले. तिला बरोबर कळलं.

त्यानंतर सगळ्यांच्याच माना वर गेल्या. आमच्या गेटवरचा पहारेकरी कार्ड बघायच्या आधी आभाळ बघायला लागला. कंपनीने सगळ्यांना बजावलं, की आवाराच्या आसपास उडतं काही दिसलं तर ताबडतोब कळवा, आणि स्वतः काही उडवायचं तर नावच काढू नका. कुठे विमानतळ बंद ठेवला, कुठे कुणाला काय दिसलं, याच गप्पा. एरवी हवामानावर बोलणारे जर्मन त्या दिवसांत ट्रामच्या थांब्यावर ड्रोनवर बोलायचे.

आता खालच्या मजल्याकडे येते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तरुण मराठी जोडपं राहत होतं. तो मेकॅनिकल इंजिनियर, नगरकडचा. पहिल्यांदा बेल वाजवली ती कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे विचारायला. 'ताई' म्हणाला, आणि आमच्या घरातलाच झाला. पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, कुठे करायची, घर गरम करणारं हायत्सुंग कसं चालतं, डॉक्टरांशी काय बोलायचं, सगळं मी सांगितलं. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा तिची आई येऊ शकली नाही, तर डिंकाचे लाडू मी केले, अळिवाची खीर मी केली, बाळाला पहिली आंघोळ मी घातली. भाऊबीजेला दोघं वर यायची. मला सख्खा भाऊ नाही. ओवाळून घ्यायला बसला की तो "ताई, यंदा ओवाळणी उधार" म्हणून मला चिडवायचा आणि मी त्याच्या टाळूवर टपली मारायचे. मी त्याला भाऊ मानला होता. हे वाक्य मी रागानेच लिहितेय, पण खरं आहे ते खरं.

त्या शरद ऋतूत त्याच्या तोंडी एकच विषय होता, निडरलासुंग. म्हणजे इथे राहायचा कायमचा परवाना. ऑफिसात बोलावल्याची तारीख, ज्याला आम्ही सगळे टर्मिनच म्हणतो, ती जवळ आली होती. एकदा तो झाला की घर घेऊ, मुलीला चांगल्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, घालू. बिचारा झोपेत पण टर्मिन म्हणत असेल, असं मी त्याच्या बायकोला म्हणायचे.

भोंडला रविवारी दुपारी ठरला. आमच्या कारखान्याच्या मागे झाडांची एक रांग आहे आणि तिच्या अलीकडे मोठं कुरण. जेवणाच्या सुट्टीत मी आणि ती पोलिश बाई तिथे चालायला जायचो. जागा मीच सुचवली. पाट कुणाकडे नव्हता, म्हणून माझ्या चॉपिंग बोर्डवर खडूने हत्ती काढला. त्याची सोंड जरा आखूड झाली, त्यावरून बायकांनी माझी भरपूर टर उडवली. छान ऊन होतं. नऊवारी नेसलेल्या दोघी-तिघी, बाकीच्या साड्यांवर जॅकेटं, पायात बूट. पुरुष चटया टाकून वेफर्स खात बसले होते; माझा नवरा तेवढा आला नव्हता.

आणि हे आमचे खालच्या मजल्यावरचे साहेब पिशवीतून ड्रोन काढून उभे. उन्हाळ्यात गावी गेला होता तेव्हा आणलेला.

"ताई, वरून फेर काय दिसेल! सासूबाईंना पाठवतो. खूश होतील."

"अरे, दिवस काय आहेत सध्या! पोलंडमध्ये काय झालं वाचलंस ना? आणि झाडांपलीकडे आमची कंपनी आहे. नको."

"अहो, ते बॉम्बवाले. हे खेळणं आहे. झाडांच्या पलीकडे जाणारच नाही, आपला ड्रोन शहाणा आहे."

"नको म्हटलं ना."

मग सगळ्या बायका सुरू झाल्या. "असू दे हो ताई, एकच व्हिडिओ. दरवर्षी आपण सेल्फीत अर्धवट कापल्या जातो." एक म्हणाली, "ताई अगदी जर्मन झाल्यात." हे मात्र मला लागलं. मी हात झटकले आणि फेर धरला. गाणी मला येतात, बाकीच्या मागून म्हणतात. मी थांबले की फेर मोडतो, म्हणून मी थांबत नाही.

वर मिक्सरसारखी घरघर सुरू झाली. दोन गाणी झाली असतील. मग वारा आला, पदर तोंडावर आले, आणि त्याचा आवाज ऐकू आला, "अरे, अरे, अरे!" आम्ही थांबलो. घरघर झाडांवरून पलीकडे गेली, तिकडे थोडा वेळ राहिली, आणि बंद झाली.

"येतो तो. सिग्नल गेला की आपोआप परत येतो," तो रिमोटवर बोटं मारत म्हणाला. आम्ही सगळे झाडांकडे बघत उभे. ड्रोन काही आला नाही. थोड्या वेळाने कुरणाच्या कच्च्या रस्त्याने आधी आमच्या कंपनीचे पिवळ्या जॅकेटातले पहारेकरी आले आणि त्यांच्यामागून पोलिसांची गाडी.

एक तरुण पोलीस बाई, एक वयस्कर पोलीस. ड्रोन कुणाचा, बाईंनी विचारलं. मी मागे वळून पाहिलं. तो चुन्यासारखा पांढरा पडला होता, हात मोकळे. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा टर्मिन आला. मी पुढे झाले आणि म्हणाले, "उन्झेरे." आमचा.

आता यात माझं काय चुकलं? आपण चारचौघांत 'त्याचा' म्हणतो का कधी? गाडी एकटा नवरा चालवतो, तरी आमची गाडी. मुलगा पहिला आला तरी आमचा पहिला आला. संकट आलं की तर आणखीनच आमचं. मी मनात मराठी बोलले आणि तोंडातून ते जर्मन होऊन बाहेर पडलं. आमचा आहे, सणाचा व्हिडिओ काढत होतो, वाऱ्याने गेला, चूक झाली, असं मी सगळं सांगितलं. म्हटलं, सगळे आहोत, रागावतील, समज देतील.

पोलीस बाईंनी ड्रोनवर मालकाचा नंबर नाही, असं म्हणून त्याच्याकडे पाहिलं. तो बसला होता त्या चटईवर ड्रोनचं खोकं होतं. "तुमचा?"

"नाइन," तो म्हणाला. मग हनुवटीने माझ्याकडे दाखवून, "ईरे." यांचा.

मला वाटलं, घाबरून शब्द चुकला. त्याचं जर्मन घाबरलं की तसंही घसरतं. मी सावरून घ्यायला त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. तो गवताकडे बघत होता.

"ही पिशवी कुणाची?" वयस्कर पोलिसाने विचारलं. झाडाखाली माझी कापडी पिशवी होती. "माझी," मी म्हणाले. त्याने परवानगी मागितली, मी दिली. वर खिरापतीचा डबा. त्याने तो उघडला, लाल वड्या पाहिल्या, वास घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे काय आहे?" बिटाच्या वड्या होत्या. ओळखता येऊ नये म्हणूनच मी त्या केल्या होत्या. डबा उचलल्यावर खाली रिमोट निघाला.

अगं बाई! मी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि तिच्या टोपीची नाडी बांधायला लागली.

मग पोलीस बाईंनी एकेकीला विचारलं, ड्रोन कोण उडवत होतं? "आम्ही फेरात होतो," पहिली म्हणाली. "हत्तीकडे तोंड करून. वर पाहिलंच नाही." दुसरी तेच. तिसरी तेच. चटईवरच्या पुरुषांनी तर वेफर्सची शपथ घ्यायची बाकी ठेवली होती. मी काय सांगणार? आधी आमचा म्हणाले, पिशवी माझी म्हणाले, आणि आता त्याचा म्हणाले तर ते खोटंच वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हाही वाटत होतं, की हा आत्ता पुढे येईल. आत्ता येईल.

सोमवारी गेटवर माझ्या कार्डाला लाल दिवा लागला. रोज 'मोर्गन' म्हणणाऱ्या पहारेकऱ्याने पडद्याकडे बघून मला बाजूला उभं केलं. कंपनीतल्या साहेबांनी बाहेरच्याच बैठकीच्या खोलीत सांगितलं, की पोलिसांचं काम पूर्ण होईपर्यंत आत यायचं नाही. तुम्ही उडवला असं ठरलं, तर मग परत येणं नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. पाणी हवं का विचारलं.

मी इथे नवऱ्याच्या मागे व्हिसावर आलेली बाई. लोक निवृत्तीचं बोलायला लागतात त्या वयात मी जर्मन शिकले, पोरांबरोबर बाकावर बसून कोर्स केला आणि त्या पांढऱ्या पोशाखात शिरले. ते काम गेलं असतं, तर माझ्याकडे काय उरलं असतं? लाडू करणारी ताई. नवरा म्हणाला, "सरळ नाव सांगून मोकळी हो." मी म्हटलं, थांबा, त्याने स्वतः जाऊन सांगू दे. त्याच्या टर्मिनच्या दृष्टीनेही तेच बरं. बघा म्हणजे, अजूनही मी त्याचाच विचार करत होते. कप्पाळ माझं!

तो मला तळघरात सापडला, कपडे धुवायच्या खोलीत. मशीनमधून कपडे काढत होता.

"रिमोट माझ्या पिशवीत कसा आला रे?"

"घाबरलो हो ताई. हाताला लागली ती पिशवी."

"बरी माझीच लागली. आणि ते 'ईरे'? तेही हाताला लागलं?"

"तुम्हीच आधी उन्झेरे म्हणालात." मग ओला शर्ट झटकत, माझ्याकडे न बघता, "आणि मी तर आधीच म्हणालो होतो ना, आपला ड्रोन."

क्षणभर मला कळेचना. मग कळलं. आपला म्हणजे आपल्या सगळ्यांचा, आणि आपला म्हणजे 'आपलं नाव काय' मधला, समोरच्याचा. याने हा शब्द उलटा करून ठेवला होता. कुणी चौकशी केलीच, तर ताईंना आदराने म्हणालो होतो, असं सांगायला. मराठीत नापास होत होता म्हणे शाळेत, आणि इथे माझ्यासमोर व्याकरण सोडवत होता!

"शांतपणे विचार करा ताई," तो म्हणाला. "तुमच्याकडे इथला पासपोर्ट आहे. तुम्हाला काय होणार? फार तर दंड. माझा परवाना अडला तर आम्ही तिघं परत. आल्झो, मुलीचा तरी विचार करा."

"माझं कार्ड बंद झालंय."

"होईल हो सुरू. जर्मनीत कुणी एवढ्यावरून काढत नाही."

त्याच्या त्या 'आल्झो'ने माझं डोकं फिरलं. 'तर मग' अशा अर्थाचा तो शब्द त्याने माझ्याकडून उचललेला. म्हणजे सगळं तोलून झालं होतं त्याचं. कुरणात तो घाबरला असेल, पण आता, ओले कपडे पिळताना, तो घाबरलेला नव्हता. त्याने केसाने माझा गळा कापला होता आणि वर मलाच समजावत होता, की दुखणार नाही. "शुक्रवारपर्यंत स्वतः जाऊन सांग," मी म्हणाले, "नाहीतर मी सांगेन." जिन्यात त्याची बायको टोपली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "ताई, चहा घेऊन जा ना," ती म्हणाली. मी तिच्या अंगावरून वर निघून आले आणि दार लावून मोठ्याने रडले. खाली ऐकू जाऊ दे म्हणूनच मोठ्याने.

त्याच आठवड्यात ती पोलिश बाई मला ट्रामच्या थांब्यावर भेटली. मी धावतच गेले. ती मागे सरकली नाही, पण पुढेही आली नाही. त्या रविवारी तिने जादा शिफ्ट घेतली होती. ती सुट्टीत बाहेर मोकळ्या हवेत उभी होती, तेव्हा झाडांवरून घरघर आली. ती दोन मोटारींच्या मध्ये पालथी पडली होती. गुडघे फुटले. एवढासा होता तो, मागाहून कळलं, ती म्हणाली. पण तेव्हा कोण मोजतंय?

"तुझा होता?"

"नाही."

"मग कुणाचा?"

शुक्रवार अजून यायचा होता. "सांगते तुला. थोडं थांब. आमच्यातल्याच एकाचा... वाऱ्याने भरकटला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मास्क नव्हता, तरी मी सवयीने डोळेच पाहिले. "तुमचा होता, पण तुझा नाही," ती म्हणाली. "आणि भरकटला. जा, जा. तेही असंच म्हणाले." तिची ट्राम आली आणि ती गेली. त्याचं नाव न सांगण्याला मी अजून माणुसकीच म्हणते, पण तिच्यासमोर तसं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

शुक्रवार गेला. तो गेला नाही कुठेच. शनिवारी मुलीला घेऊन बागेत जाताना मला खिडकीतून दिसला.

पुढच्या आठवड्यात मला पोलीस ठाण्यात बोलावलं. तीच तरुण पोलीस बाई. ड्रोनमधलं कार्ड वाचता आलं होतं. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, शांतपणे बघा.

पहिल्यांदा गवत. मग त्याचे बूट. मग त्याचा चेहरा, अगदी जवळून, ओठ चावत ड्रोन जमिनीवर सरळ ठेवणारा. मग ड्रोन वर गेला आणि तो लहान झाला, हातात रिमोट, मान वर. बाजूला कुरण, चटया, चॉपिंग बोर्डवरचा ठिपक्याएवढा हत्ती, आणि भोवती आम्ही. आवाज नव्हता. फेर फिरत होता आणि त्यातल्या सगळ्या बायका वर बघत होत्या. हसत होत्या, हात हलवत होत्या. ज्या म्हणाल्या की वर पाहिलंच नाही, त्या सगळ्या, एकूण एक. एकीने तर हवेत पापा फेकला. त्याची बायको मुलीचा हात धरून वर हलवत होती, बाबांना टाटा करायला लावत होती. चटईवरचे पुरुष आधी ड्रोनकडे आणि मग त्याच्याकडे बोट दाखवत होते. एकीचाच चेहरा कुठे दिसेना, नुसता भांग दिसत होता आणि भांगाशेजारी शेवंतीचं फूल. ती मी. मी गात होते.

मी पाणी मागितलं. इतका राग मला त्याच्या 'ईरे'चाही आला नव्हता. त्या हलणाऱ्या हातांचा आला. किती आनंदात होतो आम्ही, आणि त्यातल्या एकीलाही पुढे येऊन दोन शब्द बोलता आले नाहीत.

पोलीस बाईंनी चित्र मागे नेलं आणि त्याच्या चेहऱ्यावर थांबवलं. "यांना ओळखता?"

इथल्या प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक दवाखान्यात हा प्रश्न आला की मी 'ब्रुडर', म्हणजे भाऊ, म्हणायचे. सांगायला सोपं पडायचं, आणि मला आवडायचंही. तो शब्द तेव्हाही जिभेवर आला. मी तो पाण्याबरोबर गिळला.

"हो," मी म्हणाले. "शेजारी आहेत. खालच्या मजल्यावर राहतात."